एकच शास्त्र, दोन सैन्यें

पाठ : इफिसकरांस पत्र ६ : ५–९

दोन पक्ष एकमेकांवर शस्त्र उचलीत आहेत आणि दोघेही एकाच देवाची प्रार्थना करीत आहेत, तर न्याय कोणीकडे आहे हें कसें ओळखावें? हा प्रश्न अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१–१८६५) ख्रिस्ती मंडळ्यांपुढें उभा केला. आज त्याचा विचार करूं.

त्या काळीं दक्षिणेकडील संस्थानांत कापसाची शेती गुलामांच्या श्रमावर चाले. १८६० सालीं गुलामांची संख्या सुमारें ४० लक्ष होती. आईच्या कुशींतलें लेंकरूंही तोडून विकलें जाई. त्याच वर्षीं, गुलामगिरीचा विस्तार रोखूं पाहणारे अब्राहाम लिंकन अध्यक्ष निवडले गेले. तेव्हां दक्षिणेचीं संस्थानें फुटून निघूं लागलीं. त्यांची संख्या शेवटीं ११ झाली. १८६१ च्या एप्रिलांत लढाईस तोंड लागलें.

परंतु राष्ट्राच्या आधींच मंडळ्या दुभंगल्या होत्या. गुलामांचा धनी बिशप असावा कीं नाहीं, ह्या वादावरून मेथॉडिस्ट मंडळींत १८४४ सालीं फूट पडली. गुलाम बाळगणारा मिशनरी नेमावा कीं नाहीं, ह्यावरून १८४५ सालीं बॅप्टिस्ट दुभंगले. धनी आजच्या पाठांतील पांचवें वचन गुलामांस ऐकवीत. धन्यांस बजावणारें नववें वचन मात्र त्यांस सोयीचें नव्हतें. गुलाम तर निर्गमाची कथा हृदयाशीं धरून होते.

उत्तरपक्ष तरी निर्दोष होता काय? नाहीं. गुलामगिरी चालूं असलेलीं चार संस्थानें त्याच पक्षांत राहिलीं, आणि गुलामांनीं वेचलेल्या कापसावर उत्तरेच्या गिरण्याही चालत. प्रारंभीं उत्तरेचा हेतु राष्ट्र अभंग राखणें एवढाच होता. बंडखोर प्रदेशांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजीं निघाला. लिंकन ह्यांनींही मार्च १८६५ मधील भाषणांत हें पाप दोन्ही भागांचें आहे असें सुचविलें.

मग निर्णय कसा करावा? ज्याच्या मानेवर जूं आहे, त्याची साक्ष घ्यावी. हजारों गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे पळाले, आणि सुमारें १,८०,००० कृष्णवर्णी पुरुष त्या सैन्यांत भरती झाले. हीच त्यांची साक्ष.

सहा लक्षांहून अधिक सैनिक मेले. ९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचे सेनापति ली शरण आले, तेव्हां उत्तरेचे सेनापति ग्रँट ह्यांनीं उपाशी शत्रूस अन्न दिलें, आणि शेतीच्या कामासाठीं सैनिकांस आपापले घोडे घरीं नेऊं दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. पुण्याचे जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक, गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें.

परंतु पुढें एक मोठी चूक घडली. दोन गोऱ्या भावांचा समेट झाला, आणि ज्याच्यासाठीं रक्त सांडलें तो तिसरा भाऊ अंगणांतच उभा राहिला. दक्षिणेंत त्याचा मताधिकार हळूहळू हिरावला गेला. दुभंगलेल्या मेथॉडिस्ट मंडळ्या १९३९ सालीं एक झाल्या खऱ्या. पण कृष्णवर्णी मंडळ्यांसाठीं निराळा विभाग केला गेला, आणि तो १९६८ पर्यंत टिकला.

ह्यावरून बोध असा : हरलेल्यावर दया करावी, परंतु त्या दयेची किंमत गांजलेल्यानें भरावी असें होऊं नये. गांवांत दोन तट पडले असतां समेट करावयास जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकानें हें ध्यानांत ठेवावें. पंचांपुढें दोन्ही बाजूंचे पुढारी बोलतात. ज्याची विहीर बंद झाली, ज्याची मजुरी बुडाली, तो दाराबाहेर असतो. आधीं त्याला आंत बोलवावें.

मननासाठीं प्रश्न
१. पांचवें वचन वाचून नववें सोडणें, हा दोष आपल्या हातून केव्हां घडतो?
२. आपल्या गांवांतील शेवटच्या समेटांत कोणास विचारलें गेलें नाहीं?