प्रश्न ऐरणीचा

वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो. पण भाजी कापायची साधी सुरी घडवायला शिकायचं म्हटलं की खुद्द ऐरणच प्रश्न होऊन बसते! नवी पोलादी ऐरण विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. त्यात घर वरळीच्या बीडीडी चाळीत असेल तर? 1920 च्या दशकातल्या या चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. ऐरण आणायची कुठून आणि ठोकायचं कुठे?

आधी थोडं गणित. हातोड्याच्या घावातली किती ऊर्जा तापलेल्या लोखंडाला आकार देते? ढोबळमानाने, ऐरणीचं वजन भागिले ऐरण आणि हातोडा यांचं एकूण वजन. हातोडा 1 किलोचा धरा. ऐरण 10 किलोची असेल तर 91 टक्के, 24 किलोची असेल तर 96 टक्के आणि 100 किलोची असेल तर 99 टक्के. म्हणजे वजन चौपट करून फायदा जेमतेम 3 टक्के! अट एकच, ते वजन घावाच्या बरोबर खाली हवं. रस्त्याकडेला कोयते-विळे घडवणारे घिसाडी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. लहानसा ठोकळा घट्ट रोवायचा आणि त्यावर घण घालायचा.

आपल्यासाठी सोयीचा म्हणजे रुळाचा तुकडा. 60 किलो प्रतिमीटरचा रूळ 40 सेंटिमीटर घेतला की झाले 24 किलो. तो आडवा ठेवू नका. मधली पट्टी फक्त 16.5 मिलिमीटर जाड असते, घाव झणझणतो. उभा करा, म्हणजे सगळं वजन घावाखाली येतं. वरचं टोक ग्राइंडरने सपाट करा, कडा गोल करा. वाळू भरलेल्या मजबूत खोक्यात निम्मा पुरा. डुगडुगणार नाही, आवाजही कमी होईल.

रुळाकडेला पडलेला तुकडा मात्र अजिबात उचलू नका! 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि माल रीतसर मिळवला हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून भंगारवाल्याकडून पावती घ्याच. रूळ नसेल तर रे रोडच्या दारूखान्यात जाड शाफ्टचा तुकडा किलोच्या भावाने शोधा. ओतीव लोखंड टाळा, ते तडकतं.

घेण्यापूर्वी परीक्षा घ्या. बेअरिंगची गोळी 10 इंचांवरून सोडा. 7-8 इंच उसळली तर माल उत्तम. 3-4 इंच उसळली तर मऊ. लाल तापलेल्या कामाला चालेल, पण थंड लोखंड ठोकलंत तर खड्डे पडतील.

राहिला जागेचा प्रश्न. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीच्या पहिल्या 556 रहिवाशांना नव्या इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पण घर तिप्पट झालं तरी भट्टी आणि ठोकाठोक घरात नाहीच! शेजारधर्म आहे, आगीचा धोका आहे. होस्टेललाही हेच लागू. त्यासाठी कॉलेजची स्मिदी आहे. वर्कशॉपच्या सरांची परवानगी काढा, डोळ्यांना गॉगल लावा, ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घ्या आणि करा सुरुवात. ऐरण 24 किलोची असली तरी चालेल, नेम मात्र पक्का हवा!