इंजिन वाढवले, ब्रेकचे काय?

जुन्या अँबॅसडरला १८०० सीसीचे आयसुझू इंजिन बसवून घेणारे गिऱ्हाईक आमच्या कारागीर बंधूंना नवीन नाही. काँटेसाचे हे इंजिन पुढे कंपनीने अँबॅसडरलाही दिले. मूळचे १४८९ सीसीचे इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे, तर आयसुझूचे सुमारे ७५. गाडी पळू लागते, मालक खूश होतो, मिस्त्रीची मजुरी सुटते. ब्रेकची आठवण पहिला घाट उतरताना होते.

अशी एक गाडी आम्हीच तयार केली होती. मालक अजिंठा गावाहून फर्दापूरकडे घाट उतरत असता पेडल दगडासारखे कडक झाले, गाडी मात्र थांबेना. गिअर खाली टाकून त्याने ती कशीबशी आवरली आणि पहूरमार्गे जामनेरला आणून आमच्या दारात उभी केली. "मिस्त्री, गाडीला पळायला शिकवलंत, थांबायला कोण शिकवणार?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हिशेब साधा आहे. वेग ६० वरून ९० वर गेला की थांबवण्याचे काम दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते आणि त्या सगळ्याची उष्णता ब्रेकमध्ये उतरते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही सुटते. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर दोष इथे शोधावा. पेडल स्पंजासारखे खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळले आहे किंवा लाइनमध्ये हवा आहे. पुष्कळ मिस्त्री दोन्हींवर एकच औषध करतात, हवा काढून देतात.

गिऱ्हाईक डिस्क मागते. मागणी चुकीची नाही. डिस्कला वारा लागतो, ती तापली तरी पॅडपासून दूर जात नाही. ब्रेक मारताना वजन पुढे येते म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क पुरते. पण ड्रममध्ये चाकाची फिरतीच एका शूला ड्रमवर अधिक दाबते, ती मदत डिस्कला नाही. म्हणून बूस्टर हवा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनचा दाब थोडा धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड सतत घासत राहतात. कॅलिपरला ऑइलही जास्त लागते, तेव्हा सिलिंडर त्या मापाचाच घ्यावा, आणि तोही दुहेरी. एकेरी सिलिंडरच्या गाडीचा एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. शिवाय मागच्या चाकांना जोर जास्त गेला तर ती आधी जाम होऊन गाडी फिरते. नंतरच्या काही अँबॅसडरना कंपनीनेच पुढे डिस्क दिली होती. भंगारातून त्यांचा हब, स्टब आणि कॅलिपर एकत्र मिळाले तरच काम घ्यावे. दुसऱ्या गाडीचा कॅलिपर पट्टी वेल्ड करून बसवू नये.

भाव सांगतानाही ही सगळी यादी गिऱ्हाइकापुढे ठेवावी. नुसत्या डिस्कचा भाव सांगून काम घेतले की पुढे बूस्टरचे पैसे मागताना तोंड लहान होते.

मूळच्याच इंजिनाच्या गाडीला आम्ही डिस्क सुचवत नाही. ड्रम लेथवर मर्यादेत साफ करावा, शू ड्रमच्या गोलाईला बसवावेत, रबर किट व होज नवीन टाकावेत. ऑइल डॉट ४ घ्यावे. नवे असताना ते किमान २३० अंशांना उकळते, पण हवेतील पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये, रबर फुगते. आणि जुन्या लायनरच्या धुळीवर एअर मारू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो कारागिराच्याच छातीत जातो. ओल्या फडक्याने पुसावी.

कागदाचेही बघावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरबदलांना लागू आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले. १५ वर्षांवरील गाडी पुन्हा नोंदणीसाठी तपासणीला जाते, तेव्हा ब्रेकही तपासले जातात. इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात नसेल तर आरटीओत विचारल्याशिवाय पुढचे काम हाती घेऊ नये.

त्या गाडीला आम्ही बूस्टरसह डिस्क बसवली. मजुरी घेतली नाही, पहिली चूक आमची होती. मग मालकाला शेजारी बसवून तोच घाट दोनदा उतरलो.