हसणाऱ्यांत तू बसू नकोस

अगं, परवा फोनवर सहज बोलून गेलीस. हॉस्टेलातली मणिपूरची पोरगी मेसमध्ये आली की मागून कुणीतरी 'चिनी', 'मोमो' म्हणतं आणि सगळ्या हसतात. वर म्हणालीस, "मी काही बोलत नाही ताई, नुसती बसलेली असते." त्या नुसतं बसण्याबद्दलच सांगायचंय.

आपल्या बोलीतल्या 'काय करूलालीस'ला पुण्याच्या पोरी हसल्या, तेव्हा तू घरी येऊन रडली होतीस. भाषा निदान चार महिन्यांत बदलता येते. तिच्या तर चेहऱ्यालाच हसतात, तो बदलून कुठनं आणायचा?

आणि हे थट्टेवर भागत नाही बघ. निदो तानिया हा अरुणाचलचा कॉलेजातला पोरगा. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात एका दुकानापाशी त्याच्या केसांवरून टिंगल झाली, तो चिडला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांसाठी सरकारनं बेझबरुआ समिती नेमली, अहवाल आला. तरी 2020 मध्ये तिकडच्याच पोरापोरींना भररस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या आपल्याच लोकांनी.

परदेशात हीच पाळी आपल्यावर येते. 2017 साली अमेरिकेत कॅन्ससमध्ये 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एकानं गोळ्या झाडल्या, त्यात हैदराबादचा इंजिनिअर श्रीनिवास कुचिभोटला गेला. हल्लेखोराला अडवायला धावलेला इयन ग्रिलट हा तिथलाच गोरा तरुण. त्यालाही गोळी लागली. तुला कुणी गोळी झेलायला सांगत नाही. ताट उचलून तिच्या टेबलावर जायचंय, एवढंच.

तू किल्लारीची आहेस. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात झोपलेलं गाव ढिगाऱ्याखालीच राहिलं. त्यानंतर भारतीय जैन संघटनेनं भूकंपाच्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली. आपल्याकडची पोरं, परकं शहर, वेगळी बोली. त्यांना कुणीतरी जवळ बसवून घेतलंच की! पुढं मेळघाटातली आदिवासी मुलंही त्याच संस्थेत वाघोलीला शिकली.

आता कामाचं. आधी तिचं नाव नीट विचारून घे, सोयीसाठी छोटं करू नकोस. तक्रार करायची की नाही, हे तिला ठरवू दे. तिच्या वतीनं पुढारी होऊ नकोस, ही खोड आपल्यात फार. ती हो म्हणाली तर अर्ज एकटीचा नको, वर्गातल्या जमतील तितक्या पोरींच्या सह्या घ्या. यूजीसीनं 2016 मध्ये रॅगिंगच्या नियमांत वंश, दिसणं, प्रदेश, भाषा यावरून त्रास देणं आणि वाळीत टाकणं स्पष्ट घातलंय, ते अर्जात लिहा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522.

मसुदा मला पाठव, रात्री बघून देते.