अक्षता पडताना

भाच्या, नव्या कॅमेऱ्याचा पेढा पोचला. ‘मामा, आता लग्नं लाइव्ह दाखवणार’ म्हणालास तेव्हा मला हसू आलं. निफाड तालुक्यात लग्न लाइव्ह दाखवताना जेवढ्या फजित्या होऊ शकतात, तेवढ्या मी करून बसलोय. तुला स्वतःची अशी नवी शोधावी लागेल. तोवर हे वाच.

१. नेटचा स्पीड रिकाम्या मंडपात मोजू नकोस, वऱ्हाड आल्यावर मोज — हजार माणसं एकाच टॉवरवर फोन काढून बसली की दुपारचे ८ एमबीपीएस संध्याकाळी कुठे जातात कळत नाही.

२. मिळेल त्या अपलोडच्या निम्माच बिटरेट लाव, आणि निम्मे ४ एमबीपीएस येत असतील तर १०८०चा हट्ट सोडून ७२०वर ये — काठोकाठ भरलेली घागर पहिल्याच खड्ड्यात सांडते.

३. हा मुद्दा जरा मोठा आहे, बस. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा, दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाही. एकदा पूर्ण चित्र पाठवतो, त्याला कीफ्रेम म्हणायचं, आणि मग काय बदललं तेवढंच कळवत राहतो. अंतरपाट धरलाय, दोघं उभी आहेत, भटजींचं चाललंय. बदल थोडा, म्हणून चित्र काचेसारखं. शेवटचं ‘सावधान’ झालं की चारी बाजूंनी तांदूळ उडतात, पाकळ्या पडतात, शेकडो हात वर जातात. सांगायचं एकदम ढीगभर, बिटरेटचं पोतं मात्र तेवढंच. मग नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात, आणि नेमका तोच क्षण बघायला परदेशातले लोक जागे असतात. म्हणून सेटिंग शांत मंडपावर ठरवू नकोस, आदल्या दिवशी पोरांकडून कॅमेऱ्यापुढे मूठ मूठ तांदूळ उडवून ठरव — तांदूळ झाडून नीट भरून ठेव, नाहीतर आजी मला बोलेल.

४. कीफ्रेमचं अंतर २ सेकंद ठेव, स्ट्रीम पाठवणाऱ्या ओबीएस सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा आपल्या हाताने घाल — चित्र फुटलंच तर दोन सेकंदांत नवं अख्खं येऊन सावरतं.

५. अक्षता पडतात त्या मिनिटाला कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट; झूम नाही, फिरवाफिरवी नाही — तांदूळ हलतायत तेवढं पुरे, भिंतसुद्धा हलवलीस तर एन्कोडरने काय काय सांगावं? आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून टिपलं होतं. कॅमेरा जागचा हलला नाही, म्हणूनच रोप वाढताना दिसलं.

६. स्ट्रीम पाहुण्यांसाठी, रेकॉर्डिंग घरासाठी. कॅमेऱ्यातल्या कार्डावर चांगल्या दर्जाचं वेगळं चालू ठेव — नेट रुसलं तरी अल्बम रुसणार नाही.

७. ओबीएसमधलं रेकॉर्डिंग एमकेव्हीत कर, घरी येऊन एमपी४ करून घे — साध्या एमपी४ फायलीची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, त्याआधी लाइट गेली तर तीन तासांची फाइल उघडतच नाही. एमकेव्हीत लाइट गेली त्या क्षणापर्यंतचं सगळं हाती लागतं.

८. २५ फ्रेम आणि शटर १/५०, सगळ्या कॅमेऱ्यांना सारखंच — आपली वीज ५० हर्ट्झची, ३०-६०च्या नादाला लागलास की कार्यालयातल्या ट्यूब लुकलुकतात.

९. भटजींचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवरून घे, पण कॅमेऱ्याचा माईकही चालू ठेव — साउंडवाला जेवायला गेला की बटणं कोण फिरवील सांगता येत नाही. आणि हेडफोन कानाला, गळ्यात नाही. तुझ्या ताईच्या लग्नात ओबीएसमध्ये म्यूट पडलेलं मला दिसलंच नाही. दुबईच्या मावशीने मंगलाष्टकं मुकी बघितली, आणि मी गळ्यात हेडफोन घालून सगळ्यांना अंगठा दाखवत फिरत होतो. चित्र थोडं फुटलं तर लोक सोसतात, मुकं लग्न कुणी सोसत नाही.

१०. डिसेंबर-जानेवारीत जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अंगाशी ठेव — कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत बागाईतदार द्राक्षांसाठी शेकोट्या पेटवतात, तुझ्या बॅटरीला कोण शेकणार? गार कॅमेरा ऊबदार खोलीत नेताना बॅगेतच राहू दे, नाहीतर काचेवर दव धरतं.

११. यूट्यूबवर लाइव्हची सोय आदल्या आठवड्यातच चालू करून ठेव — पहिल्या वेळी २४ तास लागू शकतात, आणि मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

१२. वरातीत डीजे सुरू झाला की स्ट्रीम आटोपती घे — सिनेमातलं गाणं यूट्यूबला ओळखू येतं, मग तुझ्या नवरदेवाच्या जागी नुसती पाटी दिसते.

१३. सप्ताहाचं काम मिळालं तर दर कीर्तनाची स्ट्रीम वेगळी कर — १२ तासांवर गेलेली स्ट्रीम आपोआप साठवली जाईल याची खात्री नसते, आणि काल्याचं कीर्तन गेलं तर गावात तोंड कुठे दाखवशील?

१४. चुलतभावांनी फोनवर काढलेले व्हिडिओ थेट एडिटिंगला घेऊ नकोस, आधी हँडब्रेक सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमरेटवर काढ — फोन उजेड बघून फ्रेम कमीजास्त करतो, मग ओठ पुढे आणि उखाणा मागे. तिथेच क्वालिटी २०-२२वर ठेव. आकडा लहान तशी फाइल मोठी, हे उलटं आहे, माझंही दोनदा चुकलं होतं.

१५. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, दोन्ही उघडून पाहिल्या, तरच कार्ड पूस — एका कॉपीचा मालक रात्रभर जागा.

१६. स्ट्रीम संपवताना आधी माईक बंद, मग कॅमेरा, मग सामान — एकदा मी सगळं उलटं केलं आणि केबल गुंडाळत ‘मठ्ठा काय पातळ होता’ म्हणालो. दुबईची मावशी अजून फोन केला की आधी मठ्ठ्याचं विचारते.