मुलीसाठी संघ निवडताना : महाविद्यालयापूर्वीच्या दोन वर्षांचा हिशेब

दहावीची परीक्षा संपली की मुलीने पुढे कोणती शाखा घ्यावी, यावर घरोघरी चर्चा होते. मैदानावर चांगली कामगिरी करणाऱ्या मुलीच्या घरी त्याच सुमारास आणखी एक प्रश्न उभा राहतो. महाविद्यालयात गेल्यावर तिला विद्यापीठाच्या संघात स्थान मिळावे, असे वाटत असेल, तर अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तिने कोणत्या संघाकडून खेळावे? शाळेचा संघ पुरेसा आहे काय, की गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या एखाद्या खासगी संघात पैसे भरून तिला घालावे? हा निर्णय बहुधा भावनेच्या भरात घेतला जातो. वास्तविक त्यात घरातील बचत, मुलीचे आरोग्य आणि पुन्हा न मिळणारा वेळ गुंतलेला असतो. म्हणून एखाद्या गुंतवणुकीप्रमाणेच त्याचा विचार करावयास हवा.

येथे उदाहरण म्हणून सॉफ्टबॉल हा खेळ आणि जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा हे गाव घेतले आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून जबलपूर परिसरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि रेल्वे, बँका व शासकीय कार्यालयांतील बदल्यांमुळे त्यांत आजही भर पडत असते. सिहोरा जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, कटनीच्या मार्गावर आहे. मोठे शहर हाताच्या अंतरावर दिसते, परंतु रोज गाठावयाचे म्हटले की ते दूर जाते. महाराष्ट्रातील कितीतरी तालुक्यांच्या गावांची स्थिती नेमकी अशीच असल्याने येथील हिशेब तेथेही लागू पडावा.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. भारतात त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूर येथे स्थापन झाली. नऊ खेळाडूंचा संघ, सात डाव, खांद्याखालून फिरवून टाकलेला चेंडू आणि महिलांसाठी पिचर व फलंदाज यांच्यात ४३ फुटांचे अंतर, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिक स्पर्धांत हा खेळ होता. त्यानंतर तो वगळला गेला, टोकियोत परतला, पॅरिसमध्ये पुन्हा नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत तो पुन्हा समाविष्ट झाला आहे.

परदेशातील चित्र आणि आपला मार्ग

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी नातेवाइकांकडून तेथील फिरत्या संघांच्या कथा ऐकू येतात. तेथे शाळेच्या संघाखेरीज वयोगटानुसार खासगी संघ असतात. पालक वार्षिक शुल्क भरतात, सुट्टीच्या दिवसांत शेकडो मैल मोटार हाकीत स्पर्धांना नेतात आणि तेथे महाविद्यालयांचे प्रशिक्षक मुलींचा खेळ पाहण्यासाठी येऊन बसतात. शालेय शिक्षणाच्या शेवटून दुसऱ्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी वरच्या श्रेणीतील महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनी मुलींशी निवडीसंबंधी बोलणी करू नयेत, असा नियम तेथे २०१८ साली करावा लागला. यावरून तेथील चढाओढीची कल्पना यावी. निवड झालेल्या मुलीला क्रीडा शिष्यवृत्ती मिळू शकते. म्हणजे पालकांनी केलेल्या खर्चाला परताव्याची एक वाट तरी असते, मग ती सर्वांना लाभत नसली तरी.

ही व्यवस्था जशीच्या तशी येथे कल्पिणे हीच मोठी चूक होय. आपल्याकडे विद्यापीठाचा निवडकर्ता खासगी स्पर्धेच्या मैदानावर येऊन बसत नाही. येथे शाळेकडून जिल्हा, विभाग व राज्य आणि तेथून भारतीय शालेय क्रीडा महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा, अशी एक शिडी आहे. या स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असतात. दुसरी शिडी जिल्हा संघटनेकडून राज्य संघटनेकडे जाते. महाविद्यालयात प्रवेश झाल्यावर तिसरी सुरू होते. सिहोऱ्याचे शासकीय महाविद्यालय असो की जबलपूरचे मानकुँवरबाई महिला महाविद्यालय, खेळाडूला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून राणी दुर्गावती विद्यापीठाच्या संघात यावे लागते आणि मग भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरावे लागते. खासगी संघ कितीही नावाजलेला असला, तरी तो यांपैकी कोणत्याही शिडीची पायरी नव्हे. तो फार तर पायांना बळ देणारा व्यायाम आहे.

प्रमाणपत्राचे मोल

बँकेत काम करणाऱ्याला कागदाची किंमत वेगळी सांगावयास नको. धनादेश छापील व सुबक असून भागत नाही, त्यावर अधिकृत व्यक्तीची सही लागते. क्रीडा प्रमाणपत्राचेही तसेच आहे. केंद्र शासनाच्या ‘क’ वर्गातील पदांवर गुणवान खेळाडूंना विहित मर्यादेत थेट नियुक्ती देण्याची तरतूद असून त्यासाठीच्या खेळांच्या यादीत सॉफ्टबॉलचा समावेश आहे. मात्र ग्राह्य कामगिरी कोणती, हे नियमांनीच ठरविले आहे. देशाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व केलेले असावे, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेले असावे, अथवा शालेय राष्ट्रीय स्पर्धेत राज्याच्या संघात असावे. सही करणारेही ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगिरीसाठी राष्ट्रीय महासंघाचे सचिव, राज्याच्या प्रतिनिधित्वासाठी राष्ट्रीय महासंघाचे अथवा राज्य संघटनेचे सचिव, विद्यापीठासाठी तेथील क्रीडा विभागाचे प्रमुख आणि शालेय स्पर्धेसाठी शिक्षण संचालनालयातील क्रीडाविषयक अधिकारी.

एखाद्या संस्थेने आपल्या खासगी स्पर्धेला ‘अखिल भारतीय’ असे भारदस्त नाव दिले, पाहुण्यांच्या हस्ते पदके वाटली आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र दिले, तरी वरील चौकटीत ते कोठेच बसत नाही. ते भिंतीवर शोभते, एवढेच. त्यामुळे संघचालकाला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : या संघाकडून खेळताना मुलगी शाळेच्या आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीला उपस्थित राहू शकेल काय? संघाचे दौरे आणि निवड चाचण्या एकाच दिवशी येत असतील आणि चालक दौऱ्याचाच आग्रह धरीत असेल, तर पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रात नोकरी करण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाला राज्याचा अधिवास लागतो आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. नागपूर, पुणे येथून बदली होऊन आलेल्या कुटुंबांनी हा मुद्दा मुलगी अकरावीत जाण्यापूर्वीच तपासलेला बरा.

संधीचा दर

संघ निवडताना पालक सामान्यतः गणवेश, जिंकलेली चषके आणि दौऱ्यांची संख्या पाहतात. प्रस्तुत विषयात खरे एकक वेगळे आहे, ते म्हणजे मुलीला प्रत्यक्ष खेळावयास किती मिळते. सात डावांच्या सामन्यात एका संघाचे २१ गडी बाद व्हावयाचे असतात. फलंदाजीच्या क्रमात असलेल्या मुलीला त्यात साधारण तीन वेळा फलंदाजी मिळते. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला एकदाही मिळत नाही. पिचरच्या बाबतीत हे अधिकच तीव्र असते. संघात आधीच दोन अनुभवी पिचर असतील, तर सोळा वर्षांच्या तिसरीच्या वाट्याला सामने जवळजवळ येतच नाहीत. अशा वेळी विजयी संघापेक्षा पिचरची उणीव असलेला साधा संघ तिला अधिक उपयोगी पडतो.

आता सिहोऱ्यातील एका काल्पनिक कुटुंबाचा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी आपापले आकडे घालावेत. पहिला पर्याय दूरच्या महानगरातील फिरत्या संघाचा. शुल्क दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे वर्षाला १८,०००, साहित्य १२,००० आणि मुलगी व एक पालक यांचे वर्षातील चार दौरे प्रत्येकी ९,००० प्रमाणे ३६,०००. एकूण ६६,००० रुपये. संघ मोठा असल्याने तिला वर्षभरात सहा सामने आणि त्यांत बारा वेळा फलंदाजी मिळाली, असे धरू. एका फलंदाजीचा दर पडला ५,५०० रुपये. दुसरा पर्याय शनिवार-रविवारी जबलपूरला जाऊन तेथील जिल्ह्याच्या गटात सराव करण्याचा. चाळीस आठवड्यांत ८० फेऱ्या, दोघांचे जाण्यायेण्याचे प्रत्येक फेरीला २४० रुपये म्हणजे १९,२००, शुल्क ६,०००, साहित्य १२,०००. एकूण ३७,२००. दर रविवारी एक सराव सामना झाला, तर १२० वेळा फलंदाजी. दर ३१० रुपये.

अर्थात हे दोन्ही आकडे एका तागडीत घालणे सर्वस्वी न्याय्य नाही. ओळखीच्या, संथ पिचरसमोरची शंभर फलंदाजी आणि वेगवान अनोळखी पिचरसमोरची दहा यांत गुणवत्तेचा फरक असतो. ४३ फुटांवरून येणारा वेगवान चेंडू पाहण्याची नजर त्याला सामोरे गेल्यावाचून येत नाही. म्हणून वर्षातून एखादा बाहेरचा दौरा, तोही निवड चाचणीच्या महिना-दीड महिना आधी, हा खर्च योग्य ठरतो. चारही दौरे मात्र नव्हेत.

पैशाच्या हिशेबात न दिसणारा खर्च वेळेचा. सिहोरा ते जबलपूर जाऊन येऊन, वाट पाहण्यासह, अडीच तास धरले तरी ८० फेऱ्यांचे २०० तास होतात. वाणिज्यशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. हे तास अभ्यासाचे किंवा विश्रांतीचे असतात आणि बारावीच्या वर्षात ते महाग पडतात. आठवड्यातील इतर दिवशी गावातच धावणे, झेल आणि भिंतीवर चेंडू मारून मनगटाचा सराव केल्यास या फेऱ्या निम्म्याने कमी करता येतात. दूर गेल्याशिवाय काही घडत नाही, हा समज याच तालुक्यातील दृष्टिबाधित ज्युदोपटू जानकी गौड यांनी खोटा ठरविला आहे. त्यांनी २०१७ साली ताश्कंद येथील स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या ज्युदोचा आरंभ पदकासाठी नव्हे, तर स्वसंरक्षणाच्या प्रशिक्षणातून झाला होता.

प्रशिक्षक, प्रकृती, सुरक्षितता

चांगला प्रशिक्षक ओळखण्याची एक साधी रीत आहे. त्याचे सराव सत्र पूर्ण वेळ बसून पाहावे. दुबळ्या खेळाडूशी तो कसा बोलतो, हे तेथे कळते. खांद्याखालून चेंडू टाकल्याने दुखापत होत नाही, हा गैरसमज आहे. एकाच मुलीकडून लागोपाठच्या सामन्यांत पिचिंग करवून घेणारा संघ तिच्या खांद्यावर आपले चषक जिंकीत असतो. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीही मुलांच्या मानाने मुलींत अधिक आढळतात, त्यामुळे उडी मारून उतरण्याचे व वळण्याचे व्यायाम सरावात आहेत काय, हे पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. मुलगी धावताना लवकर दमते, म्हणून तिच्यावर आळसाचा ठपका ठेवण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. महागड्या बॅटीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

दौऱ्यावर मुलींसोबत महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे, असा दंडक भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ साली राष्ट्रीय महासंघांच्या पथकांसाठी घातला. खासगी संघाकडूनही पालकांनी तीच अपेक्षा निःसंकोचपणे बाळगावी. निवासाची व्यवस्था कोठे, खोल्यांची वाटणी कशी, रात्री फोन कोणाला करावयाचा, हे प्रश्न विचारल्याने रागावणाऱ्या चालकाच्या हाती मुलगी सोपवू नये.

पैशाची तरतूद

या खर्चासाठी कर्ज काढणे किंवा दागिने तारण ठेवणे श्रेयस्कर नाही, कारण त्याला निश्चित परतावा नाही. खर्च वर्षाआधीच काढून त्याच्या बारा हप्त्यांची आवर्ती ठेव उघडणे सोयीचे. वरील दुसऱ्या पर्यायाला दरमहा ३,१०० रुपये लागतात. सुकन्या समृद्धी खात्यातील रक्कम मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर निम्म्यापर्यंत काढता येते, परंतु ती उच्च शिक्षणासाठी. तिच्याकडे दौऱ्यांचा निधी म्हणून पाहू नये. संघाचे शुल्क रोखीने न देता संस्थेच्या खात्यात जमा करावे व पावती घ्यावी. व्यक्तिगत खात्यात पैसे मागणाऱ्या संघाबद्दल शंका घेणे रास्त आहे. वर्षभराचे शुल्क एकरकमी भरल्यास सवलत देऊ करतात, ती बहुधा नाकारावी. मुलीला खेळावयास मिळत नाही, हे तीन महिन्यांत कळते, परंतु भरलेले पैसे वाया जातील या विचाराने पालक उरलेले नऊ महिनेही तिला तेथेच ठेवतात. दहा वर्षांवरील मुलीला स्वतःचे बचत खाते चालविता येते. दौऱ्याचा खर्च तिच्या खात्यातून, तिच्याच हाताने झाल्यास हिशेबाची सवय आपोआप लागते.

राहिला प्रश्न बदलीचा, जो बँकेतील सहकाऱ्यांना विशेष जिव्हाळ्याचा. बदल्या बहुधा ज्या सुमारास होतात, त्याच सुमारास शाळांचे नवे वर्ष सुरू होते. मुलगी जबलपूर जिल्ह्याकडून खेळत असेल आणि कुटुंब दुसऱ्या राज्यात जाणार असेल, तर नव्या ठिकाणी नोंदणीपूर्वी जुन्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र मागितले जाण्याची शक्यता असते. बदलीचा आदेश हाती पडताच शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत त्याचाही अर्ज द्यावा. जन्मदाखल्यावरील, गुणपत्रिकेवरील व आधारवरील नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळते काय, तेही त्याच वेळी तपासून घ्यावे. वयोगटाच्या स्पर्धेत कागदपत्रे पाहणारा अधिकारी प्रथम तेथेच बोट ठेवतो.