३० मीटरवरचा रानपिंगळा

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर १ जानेवारी २०२५ पासून पांढऱ्या अस्वलाच्या ३०० मीटरच्या आत जायला बंदी आहे. १ मार्च ते ३० जून या काळात हेच अंतर ५०० मीटर असतं. सहली नेणाऱ्यांनी यावर पुष्कळ कुरकुर केली, नियम मात्र टिकला. इकडे कसारा मार्गावरच्या आटगाव स्टेशनापासून बारा-तेरा किलोमीटरवर तानसा अभयारण्यात रानपिंगळा राहतो. जगात त्याचे प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, पण त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं याचा आकडा कुठे लिहिलेला नाही. तो आपला आपण ठरवायचा. एकदा तो ठरला की लेन्स, वेळ, जागा, चौकट हे सगळं त्यामागून येतं. माझा आकडा ३० मीटर.

आधी पक्षी ओळखायला शिका. गावातल्या चिंचेच्या ढोलीत राहून तिन्हीसांजेला कलकलाट करतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. छातीचा तपकिरी रंग जवळपास सलग, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर पांढरी दाट पिसं आणि २३ सेंटिमीटरच्या देहाला न शोभणारे दांडगे पंजे. जंगली पिंगळा नावाचा तिसरा भाऊबंदही याच रानात आहे. तो डोक्यापासून बारीक आडव्या पट्ट्यांनी भरलेला असतो. तानशातून ‘रानपिंगळा’ म्हणून घरी आलेले कितीतरी फोटो निघतात या जंगली पिंगळ्याचे. रानपिंगळ्याची मोठी सोय अशी की तो दिवसा वावरतो आणि निष्पर्ण झाडाच्या शेंड्याकडे उघड्यावर बसतो. गैरसोयही तीच. तो सहज दिसतो, म्हणून माणसं सहज जवळ जातात.

परवानगीचं काम घरूनच उरकून निघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात फोटो काढण्यासाठी प्रवेशाचा परवाना लागतो. वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा आणि परवान्याचा कागद जवळ बाळगा. घरट्याला त्रास देणं हे याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत बसतं, हेही ध्यानात असू द्या. धरणाच्या भिंतीकडे लेन्स रोखू नका. ते मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे पहारा असतो आणि पहारेकऱ्याशी वाद घालण्यात सकाळचं ऊन फुकट जातं.

हंगाम दिवाळीनंतरचा. डिसेंबरपासून साग विरळ होऊ लागतो, जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडतात आणि फांद्या मोकळ्या दिसतात. पण याच दिवसांत रानपिंगळ्याची वीणही चालू असते, म्हणून ढोलीच्या आसपास घुटमळायचं नाही. पहाटेची कसारा लोकल पकडून आटगावला उतरा, रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा. गार लेन्स तलावाकाठच्या दमट हवेत बाहेर काढली की काचेवर बाष्प धरतं आणि नेमकी सोनेरी उन्हाची वेळ ती पुसण्यात जाते. ध्रुवाकडचे छायाचित्रकार उबदार केबिनमधून बाहेर-आत करताना याच त्रासाला वैतागतात.

रानात एकट्याने जाऊ नका. इथे बिबट्या आहे, हे एक कारण. दुसरं कारण असं की वाट, झाड आणि पक्षी तिथल्या माणसाला ठाऊक असतात. पाड्यावरच्या जाणत्याला सोबत घ्या, त्याच्या दिवसाचे पैसे आधी ठरवा आणि नीट विचारा: ‘‘मामा, दिवसाउजेडी बसणारा पिंगळा कुठं दिसतो?’’ काहींना सकाळी सकाळी पिंगळ्याचं नाव काढणं रुचत नाही. तिथे हसू नये. सरडे कुठे फार, उघडी झाडं कुठली, एवढंच विचारलं तरी माणूस बरोबर त्याच जागी नेतो.

साहित्य थोडंच लागतं. ४०० ते ६०० मिमीची लेन्स, एकपायी स्टँड, दुर्बीण, मळकट रंगाचे कपडे, पाणी. तीन पायांचा स्टँड झाडोऱ्यात अडकतो, त्यापेक्षा एकपायी काठी बरी. आता ३० मीटरचं गणित पाहू. ६०० मिमीच्या लेन्समधून फुल फ्रेम कॅमेऱ्यात त्या अंतरावर चौकटीची उंची साधारण १.२ मीटर येते, म्हणजे पक्षी उंचीच्या एक पंचमांश. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तोच पक्षी जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. दाखवण्याजोगा फोटो व्हायला एवढं पुरतं. ३०० मीटरवरच्या अडीच मीटर लांबीच्या अस्वलाला याच लेन्सखाली फुल फ्रेममध्ये रुंदीचा सातवा हिस्सासुद्धा मिळत नाही. तरी ते फोटो लोक भिंतीवर लावतात, कारण उरलेल्या चौकटीत बर्फ असतो. आपल्या उरलेल्या चौकटीत साग आहे, ऐन आहे, मागे माहुलीचा डोंगर येऊ शकतो. डोळ्यातली बाहुली मोजता येईल असा जवळचा फोटो पिंजऱ्यातल्या पक्ष्याचाही काढता येतो.

जागेवर पोचल्यावर पहिली वीसेक मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. उभं राहून ऐका. रानपिंगळ्याची हाक मऊ, शीळ घातल्यासारखी, थांबून थांबून येते. बुलबुल, कोतवाल असे छोटे पक्षी एकाच झाडाभोवती गिल्ला करत असतील तर दुर्बीण तिकडे वळवा. बहुतेक वेळा आत कुठलंतरी घुबड असतं. थंडीच्या सकाळी रानपिंगळा ऊन खात बसतो, म्हणून उगवतीकडे तोंड असलेल्या फांद्या आधी तपासा.

दिसला की थांबा. सगळ्यात जास्त फोटो याच क्षणी बिघडतात, कारण पाय आपोआप पुढे पडतात. जिथे आहात तिथूनच एक साक्षीचा फोटो घ्या, कसाही येवो. मग ऊन पाठीशी येईल अशा बाजूने तिरकं सरका, थेट त्याच्या रोखाने नको. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, म्हणून गुरांच्या वाटेनेच चाला. चार-पाच पावलं टाकायची, थांबायचं, पाहायचं. तो इकडेतिकडे मान फिरवत असेल, पिसं साफ करत असेल, खाली गवतात सरडा शोधत असेल तर ठीक. अंग आवळून बारीक झाला, मान वरखाली करू लागला, नजर तुमच्यावरच खिळली तर दोन पावलं मागे या आणि खाली बसा. शेपटी बाजूंना झटकायची त्याला सवयच आहे. त्या एकाच खुणेवरून घाबरू नका. ३० मीटरच्या आधीच तो अस्वस्थ झाला, तर त्या दिवसाचा आकडा ४० किंवा ५०.

आता कॅमेरा. एकच फोकस बिंदू, डोळ्यावर. शटर १/५०० च्या खाली नको, नाहीतर झटकणारी शेपटी पुसट येते; काठीविना हातात धरणार असाल तर १/१०००. छिद्र लेन्सचं सगळ्यात मोठं किंवा एक पायरी कमी. आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त चढू द्या, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. उजळ आकाशापुढच्या फांदीवर बसला असेल तर कॅमेरा आकाशाला भुलतो आणि पक्षी काळा येतो. उजेड एक पायरी वाढवा. बर्फातल्या अस्वलासाठीही वाढवावाच लागतो, कारण कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करू पाहतो. मागे गर्द सावली आणि पोटावर ऊन असेल तर उलटं, अर्धी पायरी कमी करा, नाहीतर पांढऱ्या पोटाची पिसं धुऊन निघतात. आवाज न करणारं शटर असेल तर तेच वापरा. दोन-तीन फोटोंचे छोटे झटके पुरतात. साडेनऊ-दहानंतर माळावरची हवा तापून हलू लागते, मग कितीही महाग लेन्स असो, पिसं कोरीव येत नाहीत. तेव्हा आवरायला घ्या. पुन्हा दुपारी चारनंतर.

फ्लॅश नको, ड्रोन नको, मध्ये येणारी डहाळी तोडणं नको. मोबाइलवर त्याची हाक वाजवून बोलावणं तर अजिबात नको. ती हाक त्याला परक्या पिंगळ्याची वाटते आणि हद्द राखायला तो शिकार, पिल्लं सोडून धावून येतो. दोरीला उंदीर बांधून काढलेले फोटो मी पाहिले आहेत. त्यांत पक्षी झेप घेताना फार सुंदर दिसतो, आणि तरी मी ते कुठल्याही स्पर्धेतून बाद करीन.

घरी आल्यावर फोटोतलं जीपीएस पुसा. समाजमाध्यमावर टाकायचं तर ‘शहापूर तालुका’ एवढंच लिहा. झाड, पाडा, नाला काही नको. पण स्वतःच्या वहीत आणि वनखात्याला द्यायच्या नोंदीत जागा, तारीख, वेळ, झाडाची जात, पक्षी काय करत होता, हे तंतोतंत लिहा. या पक्ष्याच्या बाबतीत खोट्या जागेने काय घडतं ते घडून गेलेलं आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतरचा एकही खरा नमुना नव्हता. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला एक मिळवल्याचा दावा केला. तो प्रत्यक्षात खानदेशातला जुना नमुना होता, ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून नवी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीवर विश्वासून माणसं भलत्याच ठिकाणी शोधत राहिली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्यांना तो खानदेशातल्या शहाद्याजवळ सापडला. तेव्हा त्यांनी लगेच व्हिडिओ आणि फोटो घेतले. नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. तानशातली नोंद त्यानंतर, २०१४ मध्ये झाली.

म्हणून तो पहिला, लांबून घेतलेला साक्षीचा फोटो कितीही वाईट असला तरी पुसू नका. डोक्यावरचे ठिपके नसणं, सलग छाती आणि पांढरं पोट त्यात दिसत असेल तर नोंदीसोबत तोच जोडा, मूळ फाइलसकट, रंग न चढवता.