बीटी कपाशीस सेंद्रिय उपायांची जोड

सेंद्रिय शेतीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूची फवारणी बोंडअळीवर करितात. याच जीवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीस भारतात २००२ साली मान्यता मिळाली. फवारणीचा परिणाम उन्हाने लवकर ओसरतो. बीटी झाडात मात्र विष हंगामभर असते. त्यातून वाचलेल्या थोड्या अळ्यांचीच संतती पुढे वाढते. गुलाबी बोंडअळीचे असेच झाले व २०१७ साली विदर्भात फार नुकसान झाले.

म्हणून केवळ बियाण्यावर विसंबून भागत नाही. पूर्वी बीटीसोबत वेगळे मिळणारे बिगर-बीटी बियाणे पुष्कळजण निरुपयोगी समजून टाकून देत. बिगर-बीटी झाडे शेतात अवश्य असावीत. त्यावर वाढलेल्या पतंगांचा बीटीतून वाचलेल्या पतंगांशी संयोग होतो व ती संतती बीटी झाडावर बहुधा मरते.

पाते लागताच हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडल्यास उपाय योजावा. प्रारंभी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. फरदड मुळीच घेऊ नये. सरपणासाठी पऱ्हाट्या बांधावर रचण्याची आपली जुनी रीतही सोडावयास हवी, कारण राहिलेल्या बोंडांत अळी सुप्त राहते.

प्रमाणित सेंद्रिय शेतीत बीटी बियाणे चालत नाही. तेथे सरळ वाण पेरून हेच उपाय करावेत.